निकालावर पैसे: सुटलेल्या बंद्यांच्या प्रकल्पात मोजायचं काय?

प्रश्न (जळगाव)
जिल्हा कारागृहातून सुटणाऱ्या साठेक जणांसाठी संस्थेचा वर्षभराचा प्रकल्प आहे: वकील, कागदपत्रं, कामधंदा. देणगीदार निम्मे पैसे आधी देणार, निम्मे निकाल दिसल्यावर. ‘वर्षात पुन्हा गुन्हा नाही’ हा निकाल धरला तर चालेल का?

उत्तर १
साठात नाही चालणार भो. समजा एरवी २४ जण पुन्हा अडकतात. त्यात १०% घट म्हणजे दोन-तीन माणसं. काहीच न करता आकडा तेवढा वरखाली होतोच.

इंग्लंडात पीटरबरोच्या तुरुंगात २०१० साली निकालावर पैसे देण्याचा प्रयोग झाला, तेव्हा तुकडीला १००० माणसं धरली होती, तीही वर्षाच्या आतल्या शिक्षेची. पहिल्या तुकडीत घट ८.४%, अट १०% ची, म्हणून तेव्हा छदाम मिळाला नाही. पुढे दोन तुकड्यांची मिळून ९% भरली, एकत्रित अट ७.५% होती, म्हणून २०१७ मध्ये पैसे सुटले. त्यांनी माणूस किती वेळा दोषी ठरला ते मोजलं. नुसतं हो-नाही मोजलं की एकदा घसरलेल्यावर मेहनत घेण्यात संस्थेला काही उरत नाही.

उत्तर २ (धुळे)
आपल्याकडे जिल्हा कारागृहात बहुतेक न्यायाधीन बंदी, म्हणजे खटला अजून चालू असलेले. दोषी ठरायला खटला संपावा लागतो, वर्षात संपतो कुठे! एफआयआर धरला तर जुन्या नोंदीवरून उचललेला माणूसही तुमचं अपयश ठरणार.

कोर्टाच्या तारखेची हजेरी धरा. सुटतानाच प्रत्येकाच्या सगळ्या केसेसचे सीएनआर नंबर (प्रत्येक केसचा स्वतंत्र कोर्ट नंबर) घ्या. एक केस नोंदवायची राहिली की हिशेब बिघडला. दर तारखेनंतर ई-कोर्ट्स या कोर्टांच्या वेबसाइटवर रोजनामा (त्या दिवशीच्या कामाची नोंद) पाहा: हजर, गैरहजर की पकड वॉरंट. तुलना मागच्या वर्षी त्याच महिन्यांत सुटलेल्यांशी करा, कारण नंदुरबार-शहाद्याकडची माणसं ऊसतोडीला गेली की गैरहजेरी वाढतेच.

बीएनएसएस (नवा फौजदारी प्रक्रिया कायदा) कलम ४७९ खालच्या, म्हणजे शिक्षेचा ठरावीक भाग खटल्याआधीच आत काढल्यामुळे होणाऱ्या सुटका मात्र निकालात धरू नका. त्याचा अर्ज करणं कायद्यानं कारागृह अधीक्षकाचंच काम. त्याचे पैसे तुम्ही कशाचे मागणार?

प्रश्नकर्ता
हजेरी पटली. पण निम्मे पैसे अडकल्यावर पगार कशातून?

उत्तर १
तो धोका संस्थेनं घ्यायचाच नाही. न्यूयॉर्कच्या रायकर्स तुरुंगातल्या प्रकल्पाला २०१२ मध्ये गोल्डमन सॅक्सनं कर्ज दिलं, ब्लूमबर्गच्या धर्मादाय संस्थेनं हमी. फरक दिसला नाही, २०१५ मध्ये बंद पडला. झळ या दोघांना बसली. तुम्ही ८०-२० मागा: ८०% आधी, २०% निकालावर, आणि त्या २० चे हप्ते तिमाही. मयत झालेले आणि दुसऱ्या गुन्ह्यात आत असलेले कसे मोजायचे, ते सहीआधीच लिहून घ्या.