चाळिशीनंतर दवाखाना बंद ठेवून फॅमिली मेडिसिनची पदवी घ्यावी का?

माणदेशी_डॉक्टर

मंडळी, मी एमबीबीएस. सोलापूर जिल्ह्यात तालुक्याच्या गावी चौदा वर्षं दवाखाना चालवतो. वय ४१. यंदा नीट पीजी, म्हणजे पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा देऊन डीएनबी (राष्ट्रीय परीक्षा मंडळाची पदव्युत्तर पदवी) फॅमिली मेडिसिनला जायचं मनात आहे. तीन वर्षं पूर्णवेळ, म्हणजे तोवर दवाखाना माझ्याविना. घरचे नको म्हणतात, वर्गमित्र विचारतात की या वयात वीस वर्षांनी लहान पोरांबरोबर नाईट ड्यूटी करणार का. मी करणार, असं माझं मत आहे. का, ते सांगतो.

गेल्या वर्षी आमच्याकडच्या एका आजींना पायावर सूज, लघवी कमी म्हणून आणलं. वय ६८. रक्तातलं क्रिएटिनिन ४.२ निघालं, म्हणजे मूत्रपिंडाचं काम खूपच खालावलेलं. बीपीसाठी टेल्मिसार्टन आणि त्यासोबतची लघवीची गोळी मीच चालू केलेली. गुडघ्यासाठी शहरातल्या हाडांच्या डॉक्टरांनी पाच दिवसांची वेदनाशामक गोळी लिहिली होती. आजींना आराम पडला, म्हणून त्या मेडिकलमधून चार महिने तीच आणून घेत राहिल्या. त्यात जुलाब लागले. या तीन गोळ्या एकत्र आल्या आणि अंगातलं पाणी कमी झालं की मूत्रपिंड बसतं, हे मला पुस्तकातून पाठ होतं. पण त्या चार महिन्यांत आजी तीनदा माझ्याकडे येऊन गेल्या आणि मी एकदाही ‘आजी, औषधांची पिशवी दाखवा’ म्हटलं नाही. बीपी मोजलं, ठीक आहे म्हटलं, पुढचा पेशंट.

आजी वाचल्या. हाडांच्या डॉक्टरांचं काही चुकलं नव्हतं, त्यांनी गुडघा बघितला. आख्खी बाई बघणं माझं काम होतं आणि ते काम मला कुणी शिकवलेलं नाही. एमबीबीएसला मेडिसिन एका वॉर्डात शिकलो, सर्जरी दुसऱ्या, बाळंतपण तिसऱ्या. हे सगळं एकाच माणसात, सात मिनिटांत, रिपोर्टशिवाय समोर आलं तर काय करायचं, हा स्वतंत्र विषय आहे. तो मला शिकायचाय.

जुना_स्टेथो

डॉक्टर, वयाने मोठा आहे म्हणून स्पष्ट लिहितो. डोंबिवलीत ३६ वर्षं प्रॅक्टिस केली. तुमच्या आजींची गोष्ट वाचून वाईट वाटलं, पण तुम्ही उपाय भलतीकडे शोधताय. पिशवी दाखवा म्हणायला तीन वर्षांची पदवी लागत नाही. त्या प्रसंगाने तुम्ही ते शिकलात, आता जन्मात विसरणार नाही. फॅमिली डॉक्टर असाच घडतो.

दुसरं असं की डीएनबी म्हणजे रुग्णालय. तिथे मेडिसिनला काही महिने, बालरोगला काही महिने, प्रसूतीला काही महिने अशा फेऱ्या होतील. रात्रभर सलाईनी लावा, डिस्चार्ज कार्डं लिहा. दवाखान्यात तिसऱ्या दिवशीचा ताप येतो, त्याचं काय होणार हे कुणालाच माहीत नसतं. वॉर्डात तोच माणूस सातव्या दिवशी डेंग्यूचं लेबल लावून पोचतो. तुमचा पेशंट तिथे नाहीच. मग त्याच्यावर शिकणार कसं?

टेम्सकाठी

मी मिरजेची, इंग्लंडमध्ये जीपी, म्हणजे तिथली फॅमिली डॉक्टर आहे. स्टेथोसरांचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. अमेरिकेतल्या केर व्हाइट यांनी १९६१ मध्ये एक हिशोब मांडला होता. १००० प्रौढांपैकी महिन्याभरात ७५० जणांना काही ना काही त्रास होतो, २५० डॉक्टरकडे जातात, रुग्णालयात ९ भरती होतात आणि विद्यापीठाच्या मोठ्या रुग्णालयात पोचतो फक्त १. आपण सगळे डॉक्टर त्या एकावर शिकतो आणि उरलेल्या २४९ वर प्रॅक्टिस करतो.

पण म्हणून प्रशिक्षणच नको, हे मला पटत नाही. प्रशिक्षण जागेवर हवं. इथे जीपी व्हायला तीन वर्षांचं वेगळं प्रशिक्षण सक्तीचं आहे आणि त्यातला मोठा काळ रुग्णालयात नाही, जीपीच्या दवाखान्यातच जातो. पेशंटच्या परवानगीने माझ्या तपासणीचं चित्रण व्हायचं. मग माझ्या ट्रेनर बाई ते थांबवून थांबवून विचारायच्या, ‘त्यांनी मुलाच्या नोकरीचं काढलं तेव्हा तू संगणकाकडे का बघितलंस?’ त्याआधी मी भारतात सहा वर्षं काम केलं होतं. त्या सहा वर्षांत मला असं कुणी विचारलं नव्हतं. अनुभवाने हात बसतो, पण चुकीचा हातही अनुभवानेच बसतो. दाखवणारं कुणी नसेल तर कळणार कसं?

जुना_स्टेथो

@टेम्सकाठी, तुम्ही सांगताय ते तिथलं. इथे तो ट्रेनर कुठे आहे? देशाच्या आरोग्यसेवेसाठी नेमलेल्या भोर समितीने १९४६ मध्ये समाजाचा डॉक्टर हवा म्हटलं. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणातही फॅमिली मेडिसिनचं एमडी वाढवा असं लिहिलंय. कागद खूप आहेत. आपल्या किती वैद्यकीय महाविद्यालयांत या विषयाचा विभाग दिसतो? जी पदवी शिकवणाऱ्याने स्वतः कधी दवाखाना चालवला नाही, ती घेऊन काय करायचं?

एमडी_मेडिसिन_नाशिक

तीन वर्षं द्यायचीच असतील तर जनरल मेडिसिन किंवा बालरोग का नाही? नीट पीजी तीच, २०० प्रश्न, ८०० गुण. बोर्डावर ‘डीएनबी, फॅमिली मेडिसिन’ लिहिलं तर पेशंट विचारेल, म्हणजे कशाचे स्पेशालिस्ट? तालुक्याच्या गावी दीडशे रुपये तपासणी फी आहे, ती या पदवीने दोनशे होणार नाही. मुलांची शिक्षणं तोंडावर असताना तीन वर्षं स्टायपेंडवर घर चालवायचं, हा विचार भावनेच्या बाहेर येऊन करा.

माणदेशी_डॉक्टर

@एमडी_मेडिसिन_नाशिक, जनरल मेडिसिन केलं तर माझ्याकडे येणारं तापाचं पोर, पाळी चुकलेली सून आणि खांदा निखळलेला शेतकरी हे तिघे माझे राहणार नाहीत. मला ते हवे आहेत. फीचा हिशोब बायकोबरोबर बसून केलाय, ती शिक्षिका आहे. ओढाताण होईल, ते मान्य.

रानवाट

मेळघाटात बैरागडला डॉ. रवींद्र कोल्हे एमबीबीएस होऊन गेले. स्फोटात हात गमावलेला एक माणूस तेराव्या दिवशी त्यांच्याकडे पोचला आणि त्यांना काही करता आलं नाही. आपल्याला अजून शिकायला हवं म्हणून ते एमडीला गेले आणि परत बैरागडलाच आले. २०१९ मध्ये त्यांना आणि स्मिताताईंना पद्मश्री मिळाली. माणदेशी डॉक्टरांनाही त्या आजींनी हेच दाखवलंय. जावं त्यांनी.

खटाव_तालुका

मी डॉक्टर नाही, पण राहवत नाही म्हणून लिहिते. आमच्या गावचे डॉक्टरही असेच शिकायला मुंबईला गेले. दोन वर्षांत येतो म्हणाले होते. त्यांच्या दवाखान्याच्या गाळ्यात आता मोबाईलचं दुकान आहे. माझ्या आईला शुगर आहे. ते असताना आई दर महिन्याला जायची, कारण ते रागवायचे. आता पाय काळा पडला तेव्हा आम्ही कराडला नेलं, दोन बोटं काढावी लागली. तुम्ही जास्त शिकून याल ते चांगलंच, पण या तीन वर्षांत तुमच्या आजींना कोण रागवणार? कोल्हे परत आले म्हणून त्यांचं नाव झालं. जे परत आले नाहीत त्यांची नावं कुणी लिहीत नाही.

जुना_स्टेथो

ताई, माझ्या दोन्ही प्रतिसादांपेक्षा तुमचा मोठा आहे. डॉक्टर, निदान वेल्लोरच्या सीएमसीची (ख्रिश्चन मेडिकल कॉलेज) फॅमिली मेडिसिनची पदविका बघा. दोन वर्षांची, चित्रफितींवर धडे आणि अधूनमधून संपर्कवर्ग, दवाखाना बंद करावा लागत नाही. ‘रेफर लेस, रिझॉल्व्ह मोअर’, म्हणजे दुसरीकडे कमी पाठवा, स्वतः जास्त सोडवा, हे त्यांचं ब्रीदच आहे.

भीमाकाठ

मी बीएएमएस, आयुर्वेदाची पदवी. लहान गावांत फॅमिली डॉक्टर म्हणजे बहुतेकदा आम्ही किंवा होमिओपॅथीचे बीएचएमएस. नीट पीजी आम्हाला नाही. २०१४ मध्ये कायदा बदलून होमिओपॅथीवाल्यांसाठी वर्षभराचा औषधशास्त्राचा कोर्स आला. त्यात औषधं शिकवतात. पिशवी उघडून बघायला शिकवणारं आमच्यासाठी काय आहे? वाद दोन एमबीबीएसमध्ये चाललाय, आणि ती आजी आधी माझ्याकडे येते.

माणदेशी_डॉक्टर

@भीमाकाठ, तुमचा प्रश्न खरा आहे आणि उत्तर माझ्याकडे नाही. पण शिकून आल्यावर दर महिन्याला तालुक्यातल्या सगळ्या डॉक्टरांनी, पॅथी कुठलीही असो, अवघड केसेस घेऊन एकत्र बसायचं, एवढं माझ्या हातात आहे.

@जुना_स्टेथो, सर, वेल्लोरचा अर्ज मी दोन वर्षांपूर्वी डाउनलोड केला होता. तो कोर्स चांगला आहे. पण पेशंट तपासताना शेजारी बसून ‘थांब, हे का केलंस’ म्हणणारं माणूस मला हवंय, ते चित्रफितीत मिळत नाही. डीएनबीतही रोज मिळणार नाही, हे तुमचं ऐकून कळलं. म्हणून आता जागा निवडताना रुग्णालयाचं नाव बघणार नाही. त्यांच्याकडे फॅमिली मेडिसिनची स्वतःची ओपीडी चालते का आणि तिथे वरिष्ठ बसतात का, हे आधी फोन करून विचारणार.

@खटाव_तालुका, ताई, तुमच्या आईंबद्दल वाचून दोन दिवस लिहिता आलं नाही. डीएनबी करताना रविवारीही खासगी प्रॅक्टिस करता येत नाही, त्यामुळे मी अधूनमधून येईन असं खोटं सांगत नाही. दवाखाना बंद करणार होतो, तो आता करत नाही. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान एक एमबीबीएस मुलगी चालवायला तयार आहे, करार लेखी केलाय, गाळा माझ्याच नावावर राहील. बीपी-शुगरच्या प्रत्येक पेशंटचं एक पान लिहितोय. आजार, सगळ्या गोळ्या, दुसरे डॉक्टर कोण, घरात औषध कोण देतं, आणि कुणाला रागवावं लागतं तेही. चाळीस पानं झाली, दीडशेच्या वर राहिलीत.

जुना_स्टेथो

ती पानं पूर्ण करा. माझं मत अजून तेच आहे, ती पानं लिहिणाऱ्याला वॉर्डात तीन वर्षं घालवायची गरज नाही. पण त्या मुलीला माझा नंबर द्या. अडली तर रात्री कधीही फोन कर म्हणावं.