आई आणि आजी : त्यांचे स्वतःचे आयुष्य (अनुभव धागा)

दूर्वांकुर :
भाचीला नुकतीच मुलगी झाली. बाळाच्या कागदपत्रांची जुळवाजुळव करताना घरात नावाच्या क्रमाची चर्चा निघाली. १ मे २०२४ रोजी आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे आधी आईचे नाव, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव लिहायचे, असा महाराष्ट्र शासनाचा निर्णय आहे. त्यावरून मला माझ्या आजीची फार आठवण झाली. ती राजापूर तालुक्यातली. माहेरचे तिचे नाव वेगळे होते. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने दुसरे नाव लिहिले गेले आणि पहिले नाव तिच्या भावंडांबरोबरच संपले.

आजोबा मुंबईला गिरणीत होते, ते गणपतीला आणि शिमग्याला येत. मधले सगळे वर्ष आजीचे होते. राब भाजणे, लावणी, गुरे, अंथरुणाला खिळलेली सासू आणि तीन मुले हे सारे तिने एकटीने सांभाळले. मनीऑर्डर आली की फॉर्मच्या तळाशी आजोबांनी लिहिलेल्या दोन ओळींचा तुकडा पोस्टमन फाडून तिच्या हाती देई आणि तो ती शेजारच्या मुलाकडून दोनदा वाचून घेई. पैशांची वाटणी मात्र तिची असे : आधी वाण्याची उधारी, मग खत, मग शाळेची फी. माझ्या आईने रत्नागिरीला राहून डी.एड. करावे, हा निर्णय तिने कोणालाही न विचारता घेतला आणि त्यासाठी हातातल्या पाटल्या मोडल्या. आजोबांना ते पुढच्या गणपतीत कळले.

आई-आजीच्या हातच्या चवीबद्दल आपण पुष्कळ बोलतो. येथे त्यांनी घेतलेले निर्णय, केलेली कामे आणि सोसलेले दिवस यांबद्दल लिहावे, अशी विनंती आहे.

केवडा :
फार चांगला विषय आहे. मुलाला शिकवणीहून आणायला निघाले आहे, रात्री सविस्तर लिहीन. तुमच्या आजीच्या पाटल्यांबद्दल वाचून डोळे भरून आले.

माळरान :
१९७२ च्या दुष्काळात आमच्या आजीने बीड जिल्ह्यात खडी फोडली. विहिरी आटल्या होत्या, बैल विकून झाले होते आणि रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी मिळत होती, जिची भाकरी थापतानाच तुटायची. पाझर तलावाच्या कामावर आजी पहाटे निघे. माझी आई तेव्हा दोन वर्षांची होती. तिला बाभळीला बांधलेल्या झोळीत ठेवून आजी दिवसभर बोटांना चिंध्या गुंडाळून दगड फोडत बसे. दुपारी मुलांना सुकडी मिळे, आणि त्या सुकडीवर आमच्या घरातली एक पिढी जगली, असे आई आजही सांगते.

मला सर्वांत जास्त अभिमान वाटतो तो एका सुतळीचा. आजीला लिहिता येत नव्हते, म्हणून कामावर गेल्याच्या प्रत्येक दिवसाची एक गाठ ती सुतळीला मारून ठेवी. मुकादमाने हजेरी कमी लावली तेव्हा तिने पगाराच्या दिवशी ती सुतळी साहेबांसमोर धरली आणि गाठी मोजायला लावल्या. बरोबरच्या बायकाही मग तशाच सुतळ्या बाळगू लागल्या. याच दुष्काळी कामांतून रोजगार हमी योजना उभी राहिली, तिचा कायदा १९७७ मध्ये संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. त्या कायद्याच्या इतिहासात माझ्या आजीचे नाव कोठेही नसेल, पण तो तिच्यासारख्या बायकांच्या कष्टांवर उभा आहे, हे मी माझ्या मुलांना आवर्जून सांगतो.

दूर्वांकुर :
माळरान, सुतळीचा प्रसंग मी घरात सर्वांना मोठ्याने वाचून दाखवला. आजींना माझा नमस्कार.

भोईवाडा :
माझी आई परळच्या चाळीत खानावळ चालवत असे. गावाकडून एकटे आलेले गिरणी कामगार आमच्याकडे जेवायला असत. पाळ्यांप्रमाणे त्यांच्या जेवणाच्या वेळा बदलत, त्यामुळे आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत स्टोव्ह क्वचितच विझलेला असे. महिन्याचे पैसे पगारानंतर मिळत आणि तोवरचे धान्य सावकाराच्या कर्जातून भरावे लागे. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केले आणि खानावळवाल्या बायकांना तारणाशिवाय बँकेचे कर्ज मिळू लागले. बँकेत पहिल्यांदा गेली त्या दिवशी आईने लग्नातला शालू नेसला होता. अंगठा द्यावा लागू नये म्हणून त्याआधी कित्येक रात्री ती माझ्या पाटीवर स्वतःची सही गिरवत होती.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि आमच्याकडे जेवणाऱ्यांपैकी बरेच जण गावी निघून गेले. जे राहिले त्यांना आईने उधारीवर जेवू घातले. भात वाढताना आधी ती मोठ्या चमच्याने वाढे, मग लहान चमचा आला, मग आमटी पातळ झाली. पण ताटावरून तिने कोणाला उठवले नाही. उधारीच्या वहीत तिने नावांऐवजी गावे लिहिली होती, कारण ती माणसांना गावाच्या नावानेच हाक मारी. पुढे काहींनी गावाहून मनीऑर्डरने पैसे पाठवले, काहींचे काय झाले ते कळले नाही. येणे राहिलेल्या रकमेबद्दल ती कधी बोलली नाही; त्या माणसांची चौकशी मात्र ती शेवटपर्यंत करत होती.

माळरान :
भोईवाडा, माझे चुलते त्या काळी लालबागला राहत आणि अशाच एका मावशींकडे जेवत. संपानंतर ते गावी आले ते कायमचे. त्या मावशींचे नाव त्यांना माहीत नव्हते, मात्र त्यांच्या हातच्या सुक्या बोंबलाच्या कालवणाबद्दल ते भरभरून बोलत.

भोईवाडा :
सगळेच मावशी म्हणत. माझ्या आईलाही.

बकुळ :
दूर्वांकुर, आजीचे माहेरचे नाव लेखी स्वरूपात हवे असल्यास तिच्या माहेरगावच्या शाळेतून प्रवेश-निर्गम उतारा मागून पाहा. ती शाळेत गेली नसेल तर तिच्या वडिलांच्या जमिनीचे जुने फेरफार पाहावेत. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानंतर वारसनोंदीत मुलींची नावेही येऊ लागली, आणि बहुतेक ठिकाणी त्यापाठोपाठ भावांच्या नावे केलेले हक्कसोडपत्र असते. माझ्या आजीचा अंगठा मला अशाच एका हक्कसोडपत्रावर सापडला. चार एकरांतला वाटा तिने सोडला आणि त्याबदल्यात दर दिवाळीला माहेरची साडी येत राहिली. तिने तो मनापासून सोडला होता की भावांशी संबंध तुटू नयेत म्हणून, हा प्रश्न मला तो कागद पाहिल्यापासून छळतो आहे.

आगोंद :
बकुळ यांनी जमिनीचा विषय काढला म्हणून लिहिते. आमची आजी गोव्यातली, फोंडा तालुक्यातली. पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या नागरी कायद्यानुसार गोव्यात सर्वसाधारणपणे नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरली जाते आणि बायकोच्या संमतीशिवाय नवऱ्याला जमीन विकता येत नाही. आजोबांवर कर्ज झाले तेव्हा कुळागर, म्हणजे पोफळीची बाग, विकायचे ठरले, व्यवहार जमला, माणसे घरी आली, आणि आजीने सही करण्यास नकार दिला. तिने आवाज चढवला नाही. सर्वांना चहा दिला, पोफळीच्या बागेला पाणी सोडायची वेळ झाली आहे असे सांगितले आणि पाटाकडे निघून गेली. आजोबा तिच्याशी बरेच दिवस बोलत नव्हते. पुढे सुपारी आणि मिऱ्यांच्या पैशातून ते कर्ज हळूहळू फिटले. आज आम्ही चौघी नाती ज्या बागेत सुट्टीला जमतो, ती बाग त्या एका नकारामुळे टिकली आहे.

बकुळ :
आगोंद, तुमच्या आजींकडे कायदा होता आणि तो वापरण्याचे धैर्यही होते. माझ्या आजीकडे कायदा आला, पण त्यामागे उभे राहणारे कोणी नव्हते.

सांजवेळ :
माझी आई मागच्या महिन्यात गेली. सध्या एवढेच लिहू शकते. सर्वांचे वाचते आहे आणि त्याने बरे वाटते आहे.

आगोंद :
सांजवेळ, तुमच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. लिहिण्याची घाई करू नका.

केवडा :
सांजवेळ, सावकाश लिहा, आम्ही येथेच आहोत. काल लिहायचे राहिले ते लिहिते. माझी आजी जात्यावर ओव्या म्हणत असे. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर या संशोधकांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या, हे वाचल्यावर मी आजीला म्हणायला सांगितले, तर खुर्चीवर बसून तिला ओवी आठवेना. शेवटी माळ्यावरचे जाते काढले, मूठभर तांदूळ घातले आणि खुंट्याला हात लागताच तिने एकामागून एक ओव्या म्हटल्या. त्यांत भावाच्या वाटेकडे लावलेले डोळे होते, सासरचा जाच होता, आणि लहानपणीच गेलेल्या एका मुलीचे नाव होते, जिच्याबद्दल आमच्या घरात कोणीच कधी बोलले नव्हते. ज्यांच्या आजी हयात आहेत त्यांनी प्रश्न विचारत बसण्यापेक्षा त्यांच्या हातात त्यांचे जुने काम द्यावे, असे माझे मत आहे.

नवगाव :
मी इस्रायलमध्ये राहतो. आमचे कुटुंब बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातले. आजी अलिबागजवळच्या खेड्यातून १९६० च्या दशकात दिमोना या वाळवंटातल्या नव्या गावी आली. कोकणातला पाऊस पाहिलेल्या बाईला तिथे हिरवे पान दिसेना, हिब्रू येत नव्हती, आणि कारखान्यातल्या पाळीत शेजारी मोरोक्कोहून आलेली बाई होती, जिला मराठी येत नव्हती. दोघींनी खुणांनी मैत्री केली आणि ती पन्नास वर्षे टिकली. आमच्या पूर्वजांना रायगडात शनिवार तेली म्हणत, कारण शनिवारी ते घाणा बंद ठेवत. ही हकिकत आजी त्या मैत्रिणीला पुढे हिब्रूतून सांगे आणि हिशेब मात्र मराठीतच करी. माझे मराठी तिच्यामुळेच आहे, चुका असल्यास सांभाळून घ्यावे.

दूर्वांकुर :
नवगाव, तुमचे मराठी उत्तम आहे. आजी मालिदा करत असत का? अलिबागच्या एका मैत्रिणीकडून त्याबद्दल ऐकले आहे.

नवगाव :
होय, नवस फेडताना आणि घरात शुभकार्य असताना करत असे. भिजवलेले पोहे, खवलेला नारळ, साखर, वेलची, वर फळे, आणि एलियाहू हन्नावीच्या, म्हणजे प्रेषित एलियाच्या, नावाने प्रार्थना. सुरुवातीच्या वर्षांत तिथे पोहे मिळत नसत, म्हणून भारतातून येणाऱ्या प्रत्येक माणसाला आजी पोहे आणायला सांगे आणि त्यातला वाटा आधी त्या मोरोक्कोच्या मैत्रिणीच्या घरी पोहोचवी. आजीच्या अंत्यविधीनंतर त्याच मैत्रिणीच्या सुनेने आमच्याकडे मालिद्याचे ताट करून आणले. नारळ थोडा कमी होता, वेलची अगदी आजीच्या प्रमाणात होती.