लूर्दमातेला सणाला लुगडं नेसवावं का?

परतवाडा_पल्याड (धागाकर्ता):
आमच्या गावच्या लहानशा चर्चमध्ये लूर्दमातेची, म्हणजे फ्रान्समधल्या लूर्द गावी दर्शन दिलं असं मानतात त्या येशूच्या आई मरियेची, मूर्ती आहे. पांढरा झगा, कमरेला निळा पट्टा, पायांवर पिवळे गुलाब. काही बायांचं म्हणणं, ८ सप्टेंबरच्या सणाला तिला हिरवं काठाचं लुगडं नेसवू. माझा विरोध आहे. संतांच्या अंगावरचं कापड ही नटवायची वस्तू नाही, त्यात अर्थ बांधलेला असतो. संत फ्रान्सिसच्या कमरेच्या दोरीला तीन व्रतांच्या तीन गाठी असतात: दारिद्र्य, ब्रह्मचर्य, आज्ञापालन. तिथं चांदीचा करगोटा बांधला तर उरलं काय?

कपाशीवाली:
बावा, अर्थ पाहणाराले समजला तं अर्थ! माह्या आजीले पांढरं लुगडं दिसलं की विधवाच आठवे. तिले त्यात 'निष्कलंक' माता कशी दिसन? तिकडं तमिळनाडूत वेलांकण्णीले माता साडीतच उभी हाय, लोक लाखांनी जातात.

जुनी_चित्रं:
अर्थ 'बांधलेला' असतो हे पूर्ण पटत नाही. पश्चिमेकडच्या चित्रांत मरियेचा झगा लाल आणि वरचं वस्त्र निळं. बायझंटाईन चित्रांत बहुधा उलट: आत निळं, वर गडद तांबडं. दोन्हीकडे स्वर्ग आणि मानवपण असाच अर्थ लावतात! शिवाय त्या निळ्यामागं पैसाही होता. तो रंग अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतल्या लाजवर्द दगडापासून व्हायचा. चित्रकाराशी करार करताना कोणत्या प्रतीचा निळा वापरायचा हेसुद्धा लिहून घेत. संत जेरोमचं तर विचारूच नका. बायबलचं लॅटिन भाषांतर करणारे ते ४२० मध्ये वारले, कार्डिनलांना (पोपखालच्या वरिष्ठ धर्मगुरूंना) लाल टोपी मिळाली १२४५ मध्ये, तरी चित्रांत टोपी आहेच.

परतवाडा_पल्याड:
मग उद्या गाडगेबाबांना सफारी शिवा! चिंध्यांचं पांघरूण, कानात कवडी, हाती खराटा, हे काढलं तर आपल्या अमरावतीत तरी कोणी ओळखेल का?

कपाशीवाली:
त्या चिंध्या बाबांनी सोता घातल्या होत्या. जेरोमनं टोपी कधी घातली? फरक हाय ना. नाझरेथच्या गरीब पोरीच्या अंगावर भरजरी झगा चित्रकारानंच चढवला, तवा कोणी काहून नाही बोललं?

परतवाडा_पल्याड:
नेमका इथंच तुमचा मुद्दा फसतो. लूर्दचा पोशाख चित्रकाराच्या मनातला नाही. १८५८ मध्ये लूर्दच्या बर्नादेत नावाच्या मुलीनं जे पाहिलं म्हणून सांगितलं, त्यावरून तो आला. वेलांकण्णीची माता वेगळी, तिला साडी शोभते. पण लूर्दच्या मूर्तीवर लुगडं चढवलं तर निळा पट्टाच झाकला जाईल. मग ती लूर्दमाता कशी?

मेळघाट_मास्तर:
दर्शनाचीच साक्ष काढता, तर ग्वादालुपेच्या मातेचंही बघा. परंपरा सांगते की १५३१ मध्ये मेक्सिकोत हुआन दिएगो नावाच्या स्थानिक माणसाच्या अंगरख्यावर मातेची प्रतिमा उमटली. तिच्या कमरेला काळी फीत आहे, आणि ती गरोदरपणाची खूण म्हणून तिथल्या लोकांनी ओळखली. युरोपातल्या माणसाला ते सांगावं लागलं असतं. म्हणजे स्थानिक वेशाला मनाई नाही. फक्त खूण झाकू नका. लुगडं नेसवायचंच असेल तर पट्टा वरून दिसू द्या.

कपाशीवाली:
लुगड्यावर पट्टा! मास्तर, तुम्ही कधी लुगडं नेसवलं काय कोणाले? निळ्या काठाचं आणू, मग तं झालं?

परतवाडा_पल्याड:
निळा काठ आणि पांढरी जमीन म्हणजे मदर तेरेसांची साडी. २०१६ पासून त्याही संत आहेत. लोक मूर्तीला मदर समजून हार घालतील.

कपाशीवाली:
तं मग हिरवंच. रविवारी फादरले इचारतो, अन् बायाइले संग घेऊन येतो.