गाडी चालत नाही, उद्या सकाळपर्यंत उपाय सांगा

पऱ्हाटी (रात्री 8:12)
गाडी आधी जागची हलत नाही, अन् एकदा सुटली की आवरत नाही. वजन दुप्पट केलं तर चौपट पळते. सर म्हणतात, चूक आहे. उद्या 10 वाजता न्यायची आहे. माहीत असेल त्यानंच लिहा, टाइमपास नको.

फटफटी (8:19)
भाऊ कोणती गाडी? किती सीसी? कार्बोरेटरात कचरा असन. प्लग काढून पॉलिश पेपरनं घासा. मायी बी अशीच करे, पेट्रोलात पाणी निघालं.

वावरवाला (8:24)
वजन वाढवल्यावर जास्त पळणारी गाडी म्या जन्मात पाहिली नाई. ट्रॉली हाय का? उतारावर लावली का?

पऱ्हाटी (8:31)
भाऊ नाही, ताई. फटफटीही नाही. पोरगी नववीत आहे, विज्ञान प्रदर्शनाची गाडी आहे. खोक्याची गाडी, बाटलीच्या झाकणांची चाकं. दोरी टेबलाच्या कडेवरून खाली, तिला वजन लटकवायचं. 'असंतुलित बलामुळे त्वरण' असा विषय आहे. त्वरण म्हणजे वेग किती झपाट्यानं वाढतो ते. बल दुप्पट तर त्वरण दुप्पट, हे दाखवायचं.

ज्ञानगंगा (8:38)
न्यूटननं हे 1687 सालीच लिहून ठेवलं आहे. बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण. पाठ करायला सांगा.

पऱ्हाटी (8:40)
पाठ आहे हो तिला. गाडीला पाठ नाही.

काटेकोर (8:47)
ताई, गाडीचं वजन किती, लटकवलेलं किती, किती अंतर, किती वेळ? आस कशाचा, दोरी कशावरून जाते? हे न सांगता काय सांगणार?

पऱ्हाटी (9:05)
किराणा दुकानातल्या काट्यावर गाडी 500 ग्रॅम भरली. सायकलचा स्पोक खोक्याला भोकं पाडून घातला आहे. दोरी शिलाईच्या रिकाम्या रिळावरून. 100 ग्रॅमला हलतच नाही. 120 ला 1 मीटर जायला 2 सेकंद, 240 ला 1 सेकंद. वेळ निम्मा झाला म्हणजे त्वरण दुप्पट ना? सरांनी लाल पेनानं खोडलं अन् '4 पट' लिहिलं.

बंडीवाला (9:11)
ओंगण लावा आसाला. बंडीचं चाक करकरते तेव्हा आम्ही दुसरं काही करत नाही. एवढ्यासाठी न्यूटन कशाला?

पटप्रेमी (9:16)
शंकरपटात शर्यतीची बैलजोडी सुटते ती पाहा, तिथं त्वरण दिसते! मे 2023 मध्ये सुप्रीम कोर्टानं शर्यतींचा कायदा वैध ठरवला, आता पोरांना खोके कशाला, पटावर घेऊन जा.

काटेकोर (9:28)
सरांचं बरोबर आहे, पण तुमची गाडीही खोटं बोलत नाही. थांबलेल्या जागेपासून अंतर वेळेच्या वर्गानुसार वाढतं, म्हणून वेळ निम्मा झाला की त्वरण चौपट. अंतराची दुप्पट भागिले वेळेचा वर्ग, हे त्वरण. 2 सेकंदात 1 मीटर म्हणजे 0.5, 1 सेकंदात म्हणजे 2.

आता घर्षण बघा. 120 ग्रॅम खाली ओढतं 1.18 न्यूटननं. हलणारं एकूण वस्तुमान 620 ग्रॅम, कारण लटकलेलं वजनही सोबत पळतं. 0.62 × 0.5 = 0.31. म्हणजे 1.18 पैकी 0.87 आस खातो अन् गाडीच्या वाट्याला जेमतेम 0.31 येतं. 240 ला 2.35 मधून तेच 0.87 वजा केलं तर 1.48 उरतं. 740 ग्रॅमनी भागा, 2 येतं. जुळलं. वजन दुप्पट झालं, असंतुलित बल मात्र पावणेपाच पटीच्या आसपास गेलं.

100 ला न हलण्याचं कारणही हेच. थांबलेल्या गाडीला घर्षण लागेल तेवढं धरून ठेवतं, हद्द ओलांडली की सोडतं, अन् हलत्या गाडीला थोडं कमी धरतं. म्हणून सुटते ती एकदम.

वावरवाला (9:36)
मले एक सांगा. बैल बंडीले जेवढं ओढते तेवढंच बंडी बैलाले मागं ओढते, असं पोट्टे शाळेत शिकून येतात. मंग बंडी हलते काहून?

काटेकोर (9:41)
कारण ती दोन बलं दोन वेगळ्या वस्तूंवर आहेत. बंडी हलेल का हे फक्त बंडीवरच्या बलांवरून ठरतं. अन् बैल पुढं जातो तो खुरानं जमीन मागं रेटतो म्हणून. काळ्या मातीच्या चिखलात खूर घसरले की तोच बैल जागच्या जागी.

बंडीवाला (9:44)
म्हणून तर म्हणतो, ओंगण.

काटेकोर (9:52)
ओंगण दाट असतं, एवढ्याशा गाडीला जड जाईल. शिलाई मशीनचं तेल टाका, भोकात स्ट्रॉचा तुकडा घाला. मग दोरी काढून फळीचं मागचं टोक थोडं थोडं उचला. हलका धक्का दिल्यावर गाडी ना वाढत, ना थांबत, एकसारखी गेली की थांबा. तिथं उतार अन् घर्षण एकमेकांना काटतात, बलं संतुलित. सध्याच्या घर्षणाला मीटरच्या फळीला साडेसतरा सेंटिमीटर उचलावं लागेल, म्हणून आधी तेल. नंतर 20 ग्रॅमचे 6 नट घ्या. आधी 3 गाडीत 3 दोरीला, मग सहाही दोरीला. एकूण वजन बदलायला नको. वेळ बोटानं नको, मोबाइलचा व्हिडिओ काढून मोजा.

फटफटी (9:58)
म्हंजे प्लग नाई बदलायचा?

पऱ्हाटी (11:20)
फळीखाली दोन वह्या अन् पोळपाट लावला. मधे लाइट गेली, टॉर्चवर केलं. 3 नटांना 1.45 सेकंद, 6 नटांना 1.03. पण आता वेळ निम्मा नाही आला, पोरगी रडायच्या बेतात आहे.

काटेकोर (11:23)
वर्ग करायला सांगा तिला.

पऱ्हाटी (11:34)
0.95 अन् 1.89 आलं. झोपली ती. पोळपाट उद्या शाळेत न्यावा लागेल का, की तिथल्या टेबलाला नव्यानं बसवावं लागेल?

बंडीवाला (11:36)
पोळपाट न्या. ओंगणही न्या.