मदत हवी आहे: आयएल-१ बीटाचा (दाह वाढवणारं प्रोटीन) १७ किलोडाल्टनचा बँड येतच नाहीये

नमस्कार मंडळी, सोलापुरात एमएस्सीचं प्रोजेक्ट करतेय. टीएचपी-१ पेशींना (माणसाच्या रोगप्रतिकारक पेशींची लाइन) हे प्रोटीन बनवायला आधी एलपीएस (बॅक्टेरियाच्या आवरणातला घटक) दिलं मग ते कापलं जाऊन मॅच्युअर व्हावं म्हणून एटीपी, आणि वेस्टर्न ब्लॉटला (प्रोटीन आकारानुसार वेगळी करून अँटीबॉडीने ओळखायची पद्धत) लायसेटमध्ये, म्हणजे फोडलेल्या पेशींच्या द्रवात, ३१ किलोडाल्टनचा प्रो-फॉर्म (न कापलेलं रूप) मस्त दिसतो पण १७ चा मॅच्युअर बँड काही केल्या दिसत नाही. मॅच्युअर आयएल-१ बीटा पेशीबाहेर जातं म्हणून सुपरनेटंट (पेशींभोवतीचं द्रव) पण कॉन्सन्ट्रेट करून लावलं, तरी कोरंच!

अँटीबॉडीचं पार्सल मे महिन्यात आलं, आपल्याकडचं ऊन माहितीये ना, आईसपॅक पार वितळलेला. पण अँटीबॉडी खराब असती तर ३१ तरी कसा आला असता?

ब्लॉटमध्ये प्रोटीन ज्यावर उतरवतात तो मेंब्रेन ०.४५ मायक्रॉन छिद्रांचा वापरलाय, छोटं प्रोटीन त्यातून आरपार जात असेल का, ०.२ चा घेऊ? की ही अँटीबॉडी फक्त प्रो-फॉर्मच धरते? नवीन घ्यायला पैसे नाहीत, कुणी केलं असेल तर प्लीज सांगा.