रोज बायबल वाचतोय पण देवाच्या जवळ गेल्यासारखं वाटत नाही, तुम्ही लोक कसं वाचता?

शिफ्टवाला_अंबड

सगळ्यांना जय ख्रिस्त. मी नाशिकला अंबड एमआयडीसीत आहे, शिफ्ट ड्यूटी. घरात लहानपणापासून बायबल होतंच, रविवारी चर्च, नाताळला कॅरल, एवढ्यावर भागत होतं. लग्न झाल्यावर वाटलं की आईबाबांच्या विश्वासावर किती दिवस चालवायचं, आता देवाशी आपलं स्वतःचं काहीतरी पाहिजे, म्हणून मोबाईलवर ॲप टाकलं आणि एका वर्षात पूर्ण बायबलवाला प्लॅन लावला. दरवर्षी लावतो खरं तर. पहिलं पुस्तक उत्पत्ति मस्त जातं, योसेफाची गोष्ट तर सिरियलसारखी, निर्गमही अर्धं पळतं, मग निवासमंडपाची (म्हणजे देवाच्या तंबूची) मापं चालू होतात आणि जानेवारी संपता संपता तिसरं पुस्तक लेवीय येतं. तिथे गाडी बसते. यज्ञ, चरबी, गुर्दे, कोड, महारोग, डोकं चालत नाही. नाईटवरून आलो की तीन अध्याय डोळे ताणून संपवायचे, हिरवी टिक आली की झोपायचं, आणि बायकोने विचारलं आज काय वाचलं तर सांगता येत नाही!!

देवाच्या जवळ जायला सुरू केलं होतं आणि आता ते कंपनीतल्या चेकशीटसारखं झालंय, भरली की सुपरवायझर खूश. तर विचारायचं होतं की कुठून वाचू, नाईट शिफ्टवाल्याने कधी वाचू (सगळे सांगतात पहाटे उठून वाच, अरे मी पहाटे मशीनवर असतो), आणि वाचून काहीच वाटत नसेल तर चालू ठेवायचं का?

---

मेनरोडवाला

प्लॅन डिलीट कर. मार्कचं शुभवर्तमान काढ, येशूची गोष्ट सांगणारं. १६ अध्याय आहेत, चारही शुभवर्तमानांत सगळ्यात लहान आणि एकदम सुसाट. येशू इथे गेला, लगेच तिथे गेला, याला बरं केलं, त्याच्याशी भिडला. देवाच्या जवळ जायचं म्हणतोस ना, मग आधी येशू माणसांशी कसा वागतो ते बघ. लेवीय कुठे पळून जात नाही.

---

प्लॅनवाला_पोरगा

मेनरोडवाला भाऊ, प्लॅनला एवढं धोपटू नका, माझ्यासारख्या आळशी माणसाला प्लॅन नसेल तर फक्त आवडीची तीन-चार स्तोत्रं फिरून फिरून वाचली जातात आणि यिर्मया, आमोस ही संदेष्टे मंडळी जन्मात भेटत नाहीत. पण दादा तुमचा हिशोबच जड आहे बघा. पूर्ण बायबलात १,१८९ अध्याय (आपल्या प्रोटेस्टंट ६६ पुस्तकांचे), वर्षात संपवायचे म्हणजे रोज तीनच्या वर, एक नाईट हुकली की सहा-सात. कोणी सांगितलंय एकाच वर्षात? दोन करा, तीन करा, देव काय टार्गेट विचारणार आहे का.

आणि एक गंमत. रोज अमुक अध्याय असे जे प्लॅन असतात त्यातला एक खूप गाजलेला प्लॅन स्कॉटलंडमधल्या रॉबर्ट मरे मॅकशेन नावाच्या तरुण पाळकाने १८४२ साली आपल्या मंडळीसाठी बनवला. रोज चार ठिकाणचं वाचायचं, वर्षात जुना करार एकदा, नवा करार आणि स्तोत्रं दोनदा. त्याने प्लॅनसोबतच त्याचे धोकेही लिहून दिले होते. वाचन नुसती रीत होऊन बसेल, आपण वाचतो म्हणून स्वतःवरच खूश व्हाल, घाईत वरवर वाचाल, काहींना ते ओझं होईल. म्हणजे तुमची हिरव्या टिकेची तक्रार त्या माणसाला एकशे ऐंशीच्या वर वर्षांपूर्वीच माहीत होती, ॲप यायच्या किती आधी 😄

---

शरणपूरची_मावशी

बाळा, आधी त्या पहाटेचं. मार्कच्या पहिल्याच अध्यायात येशू अंधार असताना उठून एकांतात प्रार्थनेला गेला असं आहे, ते सगळे सांगतात, बरोबरही आहे. पण रात्रीच्या माणसांसाठीही वचन आहे, ते कोणी सांगत नाही. स्तोत्र १३४ काढ. तीन ओव्यांचं आहे, म्हणजे तीन वचनांचं, माझ्या तोंडात ओव्याच येतं. रात्री परमेश्वराच्या मंदिरात उभे राहून सेवा करणाऱ्यांना उद्देशून आहे ते. मंदिरातही नाईट ड्यूटी होती रे. आणि ११९ व्या स्तोत्रात एक जण म्हणतो की रात्रीच्या प्रहरांच्या आधीच माझे डोळे उघडे असतात, तुझ्या वचनाचं मनन करायला. तुझी नाईट असेल तर कंपनीच्या बसमध्ये जाताना वाच, तेव्हा डोकं ताजं असतं. येताना कशाला? येताना झोप.

आता मुख्य गोष्ट. तू वाचतोस पण त्याच्याशी बोलत नाहीस, असं तुझ्या लिहिण्यावरून मला वाटतं. आपल्याकडे पारायणाची सवय रक्तात आहे, ठरलेल्या दिवसांत पोथी पूर्ण झाली म्हणजे पुण्य पदरात, आपण ख्रिस्ती झालो तरी ती सवय सुटली नाही (पारायण करणारेही मन लावून करतात, त्यांना नावं ठेवत नाही मी). पण एखाद्याच्या जवळ जायचं तर त्याने बोललेलं ऐकायचं आणि उत्तर द्यायचं, दुसरं काय असतं? थोडंच वाच, दहा-पंधरा वचनं, मोठ्याने वाच, ओठ तरी हलू देत. जिथे अडशील तिथे थांब आणि तेच देवाला सांग. समजलं नाही तर समजलं नाही म्हण. राग आला तर राग आला म्हण. स्तोत्र १३ बघ, सुरुवातच अशी की परमेश्वरा, किती दिवस मला विसरणार? ८८ वं तर शेवटपर्यंत अंधारातच आहे, शेवट गोड केलेलाच नाही, आणि तरी ते पवित्र शास्त्रात ठेवलंय. म्हणजे काही वाटत नाही असं देवाला सांगायलाही परवानगी आहे. ते सांगणं हीसुद्धा प्रार्थनाच.

आपल्या नाशिकला शिकलेले टिळक घे, नारायण वामन. आगगाडीत एका परक्या गोऱ्या प्रवाशाने हातात नवा करार दिला, आणि वाचत वाचत येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापर्यंत आले तर तिथून त्यांना सुटताच येईना. मत्तयचे ५, ६, ७, तीन अध्याय! त्यांच्यासारख्या विद्वान कवीला तेवढे पुरले अडकवायला. पुढे १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई तर इथल्याच जलालपूरच्या, शाळा नाही काही नाही, अक्षरओळखही लग्नानंतरची. नवऱ्याने धर्म बदलला तेव्हा किती तुटल्या त्या, आणि पुढे काही वर्षांनी आपल्या पायांनी चालत ख्रिस्ताकडे आल्या. कोणाचा वेग काय असेल ते आपण ठरवायचं नाही.

---

निफाडकर

मावशींचं सगळं पटलं. मी द्राक्षवाला माणूस, त्यामुळे दोन गोष्टी सांगतो, बाकी शास्त्राचं मला फार कळत नाही.

एक, दादा तुम्ही लेवीयमध्ये चुकीच्या स्टॉपला उतरता. अजून थोडं पुढे जा, १९ वा अध्याय. तिथे लिहिलंय की द्राक्षमळा पार झाडून नेऊ नका, गळालेले मणी वेचू नका, गरिबाला आणि परक्याला राहू द्या. आणि त्याच अध्यायात थोडं खाली शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करा, जे येशूने मोठ्या आज्ञांमध्ये घेतलं ते! चरबी आणि गुर्द्यांच्या त्याच पुस्तकात. मी ते वाचलं तेव्हा हार्वेस्टिंग चालू होतं, बाहेरून आलेल्या मजुरांच्या बाया, पोरं बांधावर बसलेली, आणि आमचा व्यापारी खाली पडलेला मणी न मणी मनुक्याला गोळा करायच्या मागे. त्या दिवशी मला वचन कळलं असं नाही म्हणणार, पण त्या व्यापाऱ्याकडे बघता येईना एवढं खरं.

दुसरं तुमचा तिसरा प्रश्न, काहीच वाटत नाही तर वाचायचं का. योहान १५ वाचा, मी खरा द्राक्षवेल, माझ्यात राहा, फळ देणाऱ्या फाट्याचीही तो छाटणी करतो. शहरातले पाळक यावर छान बोलतात पण एप्रिलमधली बाग बघितलेली नसते त्यांनी. आपल्याकडे वर्षाला दोन छाटण्या. एप्रिलची खरड छाटणी झाली की बाग बघवत नाही, नुसते ओलांडे (वेलाचे आडवे फाटे) आणि खुंट, उन्हाचा भडका, आणि त्या छाटणीला एक घड लागत नाही. नवीन माणूस म्हणेल कशाला पाणी घालताय. पण त्याच दिवसांत जी काडी तयार होते ना तिच्या डोळ्यांत, म्हणजे कोंबांत, आतल्या आत सूक्ष्मघड धरतात, बाहेरून काही दिसत नाही, आणि ऑक्टोबरला छाटली की त्याच डोळ्यांतून घड बाहेर पडतात. उन्हाळ्यात पाणी तोडलं तर ऑक्टोबरला कितीही औषधं मारा, वांझ फुटी निघतात. म्हणून वाटो न वाटो, थोडं वाचा पण तोडू नका. एवढंच माझं.

---

नाशिकरोड_बाळयेशू

मी कॅथलिक आहे, आमच्याकडे ७३ पुस्तकं, त्यामुळे प्लॅनवाल्या पोराचा आकडा आम्हाला अजून जड 🙂

एकट्याने मोबाईलवर वाचणं हाच अर्धा प्रॉब्लेम आहे असं मला वाटतं. आमच्याकडे मिस्साची (चर्चमधल्या उपासनेची) रोजची वाचनं ठरलेली असतात, रविवारची तीन वर्षांच्या चक्रात, एक वर्ष मत्तय, एक मार्क, एक लूक, आणि योहान मुख्यतः पुनरुत्थानकाळात (ईस्टरच्या दिवसांत) वगैरे, रोजची दोन वर्षांच्या. म्हणजे आज मी जे वाचलं तेच जेलरोडच्या आजीने वाचलं, तेच वसईत, तेच आफ्रिकेत कुठेतरी. हुकलं तर हुकलं, उद्याचं उद्या, बॅकलॉग हा प्रकारच नाही. शिफ्टवाल्याला हे फार सोयीचं आहे.

आणि समजत नसेल तर विचारायला माणूस हवा. प्रेषितांची कृत्ये ८ मध्ये तो आफ्रिकेतल्या कूश देशाचा अधिकारी रथात बसून यशयाचं पुस्तक वाचतोय, फिलिप्प नावाचा प्रचारक विचारतो समजतंय का, तो सरळ म्हणतो कोणी सांगितल्याशिवाय कसं समजेल. राणीच्या खजिन्याचा मुख्य माणूस होता तो, त्याला लाज वाटली नाही. तुमच्या केसमध्ये फिलिप्प घरातच आहे की, बायको रोज विचारते आज काय वाचलं! तिच्यासोबतच वाचा ना. एकाने वाचायचं, दुसऱ्याने ऐकायचं.

---

शिफ्टवाला_अंबड

बापरे एवढे रिप्लाय, सगळ्यांचे मनापासून आभार. मिसेसला वाचून दाखवलं, ती म्हणे बाळयेशूवाल्यांना माझ्याकडून स्पेशल थँक्यू 😂 ठरलंय असं की नाईट नसेल तेव्हा जेवणानंतर दोघं मिळून मार्क, आणि नाईटला जाताना बसमध्ये एक स्तोत्र, १३४ पासून. प्लॅन डिलीट नाही केला, पण नोटिफिकेशन बंद केलं. फक्त एक शंका, घरातलं बायबल आजीचं, जुन्या भाषेतलं, मिसेस इंग्लिश मिडियमची, तिला जड जातं. ॲपवर सोप्या मराठीतलं पण दिसतं. ते चालेल का? आई म्हणते जुनंच खरं.

---

शरणपूरची_मावशी

चालेल रे. पंडिता रमाबाईंनी केडगावला मुक्ती मिशनमध्ये आयुष्याची शेवटची वर्षं हिब्रू-ग्रीकवरून मराठी बायबल करण्यात घातली, ते साध्या बायाबापड्यांना कळावं म्हणूनच, १९२२ ला त्या गेल्या तोपर्यंत त्याच कामात होत्या. दोन्ही जवळ ठेवा, मिसेस सोप्यातलं वाचेल, अडलं की आजीचं उघडा. आईंना मार्कच्या चौथ्या अध्यायापासून सोबत बसवा, वादळाची गोष्ट आहे तिथे, त्यांना जुन्यातली पाठ असेल बघ.