'लेखी' म्हणजे कागदावरचंच का? (लवाद, ईमेल आणि एक जुनी तार)

लवादाच्या एका कलमाचं भाषांतर करतेय आणि एका शब्दाशी अडलेय. १९५८ च्या न्यूयॉर्क कन्व्हेन्शनच्या (लवादाचे करार आणि निवाडे देशोदेशी मानले जावेत यासाठीचा आंतरराष्ट्रीय करार) कलम २ मध्ये लवादाचा करार 'लेखी' हवा असं म्हटलंय, आणि पुढे सही केलेला करार किंवा पत्रं-तारांची देवाणघेवाण. माझ्या केसमध्ये सगळं ईमेलवर ठरलंय, कागद कुठेच नाही. मग 'लेखी' ठेवू, 'लिखित' करू की 'नोंदवलेला'?

—

'लेखी'च ठेवा. 'लिखित' केल्याने वाक्य जड होतं, अर्थ तोच. लेखी हे तोंडीच्या उलट, कागद त्याला आपण सवयीने चिकटवलाय. खरी मेख पुढच्या क्रियापदात आहे. इंग्रजी मसुदा म्हणतो की 'लेखी'मध्ये पत्रं, तारा 'येतात', म्हणजे यादी उघडी आहे, पण फ्रेंच मसुदा 'लेखी करार म्हणजे' अशी सुरुवात करतो, तिथे यादी बंद वाटते, आणि दोन्ही मसुदे सारखेच अधिकृत! म्हणून तुम्ही 'म्हणजे' लिहिलंत तर ईमेल बाहेर, 'यात येतात' लिहिलंत तर आत. एवढ्याशा शब्दावर कोणाचा तरी दावा अडकू शकतो हो, म्हणून जपून. २००६ साली युनसिट्रलने (संयुक्त राष्ट्रांचा व्यापार-कायदा आयोग) शिफारसच केली की ही यादी पूर्ण समजू नका. त्याच वर्षी त्यांच्या नमुना कायद्याचं (देशांनी आपला लवाद कायदा यावरून बेतावा म्हणून केलेला) कलम ७ बदललं, त्यातल्या एका पर्यायात इलेक्ट्रॉनिक संदेशही लेखी धरलाय, अट एकच, मजकूर नंतर उघडून वापरता आला पाहिजे. मला ही व्याख्या फार आवडते, कागद आणि शाई सोडून नेमकं कामाचं तेवढं तिने धरलंय.

—

याला जोडूनच, 'सीट'ला (कायद्याच्या दृष्टीने लवाद जिथला धरतात ते ठिकाण) 'आसन' लिहिलेलं दिसतं, कृपया नको. सुनावणी व्हिडिओ कॉलवर, तिघे लवाद तीन देशांत बसलेले, मग 'आसन' कुणाचं? 'लवादाचं स्थान' म्हणा. नमुना कायद्यात निवाड्यावर तारीख आणि स्थान लिहावं लागतं आणि निवाडा तिथेच दिला असं धरतात, भले कोणी तिथे पाऊलही ठेवलेलं नसो. निवाडा रद्द करून घ्यायचा तर अर्जही त्याच देशाच्या कोर्टात.

—

दोघांचेही आभार. मी आता असं लिहिलंय: "लेखी करारात सही केलेला करार तसेच पत्रे, तारा व नंतर वाचता येतील असे ईमेल येतात." 'सीट'च्या जागी सगळीकडे 'स्थान' केलं.

—

'तसेच' छान, पण मूळ कलमात ईमेल हा शब्द नाहीये. कलमाचं भाषांतर असेल तर तो तळटीपेत न्या, तुमच्या कराराचा मजकूर असेल तर आहे तसं राहू द्या.